खेचरवाल्यांची कमान

१६ ऑगस्ट १९९९

काल शाळेत झेंडावंदनाला मोगरेवाडीचे तात्या प्रमुख पाहुणे होते. तात्या म्हणजे खंडेराव, सोसायटीचे माजी चेअरमन. भाषण असं ठोकलं की आमचे पीटीचे सरसुद्धा ढेकर द्यायचे थांबले. कारगिलपासून ज्याला त्याला आपल्या गावचा एक तरी शूरवीर हवाय. तात्यांना तर अख्खी कमान हवीय! वाडीच्या वेशीत सिमेंटची कमान, तीवर दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाकडे गेलेल्या वाडीतल्या माणसांची नावं, आणि उद्घाटनाला वाटायला एक पुस्तिका. ती तात्यांनीच लिहिलीय. चहा पिताना मला म्हणाले, "छायामॅडम, तुम्ही इतिहासाच्या. नजर घाला आणि दोन शब्द प्रस्तावना द्या."

हुरळले मी. का नाही हुरळणार? इतकी वर्षं पोरांकडून तहांच्या तारखा पाठ करून घेतेय, तज्ज्ञ म्हणून पहिल्यांदाच कुणी विचारलं. घरी आल्यावर जीवनला सांगितलं तर पेपरातून मान वर न करता म्हणाला, "मानधन किती?" असल्या नवऱ्यापुढे काय बोलायचं!

२१ ऑगस्ट

पुस्तिका वाचली. शेवटाला डोळ्यांत पाणी आलं. तात्यांचे चुलते सावळीराम यांनी गोऱ्या साहेबासमोर बंदूक खाली ठेवली. सगळ्या तुकडीसह नेताजींच्या फौजेला मिळायचा बेत केला. पण ऑगस्ट १९४४ मध्ये वाडीच्याच गोटीरामनं फितुरी करून साहेबाला खबर दिली. सावळीराम पकडले गेले, पायात गोळी बसली, जन्माचे लंगडे झाले. गोटीराम पुढे कुठे गेला कुणाला ठाऊक नाही. म्हणून कमानीवर बाकीच्यांची नावं येणार, त्याचं नाही. संदर्भांच्या जागी एकच ओळ आहे, 'घरातील आठवणी'. तेवढं जरा नीट करून घ्यायला हवं. बाकी भाषा काय सुंदर आहे!

२४ ऑगस्ट

आज सकाळी दारात नवसाबाई. आमच्याकडे पूजेची फुलं हीच देते. पाटी खाली ठेवली, पण फुलं काढली नाहीत.

"बाई, खंडूच्या पुस्तकावर तुमी सही करनार म्हनं?"

मी हो म्हटलं, जरा ऐटीतच.

"गोटीराम माजा बाप. त्याला फितूर लिवलंय. खंडूनं पारावर समद्यांपुढं वाचून दाखवलं. माजी नवी नातसून पानी भरत व्हती, तिनं ऐकलं. घरी यिऊन मला इचारती, आजी, फितूर म्हंजी काय?"

मी म्हटलं, मावशी, इतिहासात कधीकधी कटू गोष्टी असतात. तोंडातून शब्द गेला आणि माझी मलाच लाज वाटली.

"आसंल," ती म्हणाली. "करा सही. पन उद्यापास्नं फुलं दुसरीकडनं घ्या."

पाटी उचलून गेली. मला आधी रागच आला. फुलवालीनं मला अट घालावी! मग दिवसभर वर्गात एकच डोक्यात घोळत राहिलं की त्या एका ओळीच्या संदर्भावर मी सही करायला निघाले होते. नववीतल्या कुणी असं लिहिलं असतं तर मी वही भिरकावली असती.

५ सप्टेंबर

तात्यांकडे गेले होते. विचारलं, हे सगळं कुणी सांगितलं? "काकांनी. मांडीवर बसवून." काकांनी नेमके काय शब्द वापरले? तात्या हसले, पेढा पुढे केला. म्हणाले, "मॅडम, भाव पाहा, शब्द कशाला?"

मी म्हटलं, गोटीराम मेला म्हणून त्याच्या बायकोला सरकारी पेन्शन मिळत होती, मावशी सांगतात. लगेच उत्तर तयार: "मिळणारच! इंग्रजांची चाकरी केली ना, फितुरीचं बक्षीस." डोक्यात तिडीक गेली, पण खरं सांगायचं तर पेन्शननं काहीच सिद्ध होत नाही. तात्यांचं म्हणणं खरंही असू शकेल. गोटीराम मला कुठे माहीत आहे? मला माहीत आहे ती नवसाबाईची शेवंती.

सही करणार नाही, एवढं सांगून आले. तात्या म्हणाले, "एक मे रोजी उद्घाटन आहे. तोवर कागद आणा, मी ओळ खोडतो." चला, ठरलं तर. लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाकलं. युद्धातल्या मृतांची स्मारकं सांभाळणारी विलायतेत एक संस्था आहे, तिथेही टाकलं. इंग्रजी तपासायला जीवनला बसवलं. दोन चुका काढल्या आणि आठवडाभर मिरवणार आता.

१४ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी सार्थकी लागली, की वायाच गेली? सटाण्याला जाऊन आले. माजी सैनिकांच्या कचेरीतून कळलं की गोटीरामच्या तुकडीतला एक म्हातारा अजून आहे, भिकन नाव, ऐंशीच्या पुढचा. कांद्याच्या चाळीपुढे खाट टाकून बसलेला. टेप लावला आणि विचारलं, गोटीराम कसा माणूस होता?

म्हातारा घडाघडा बोलायला लागला: "गोटीराम हा ब्रिटिश साम्राज्यशाहीचा हस्तक होता. त्याने देशभक्तांचा विश्वासघात केला."

संपलं म्हटलं, मावशीला काय सांगू? टेप बंद करून पाणी मागितलं. पाणी पिताना सहज त्याच्या अंगावरच्या शालीकडे लक्ष गेलं. कोरी करकरीत. कुठली हो बाबा? "नाशिकना तात्यांनी दिन्ही. पुस्तक बी वाची दखाडं."

अस्सं! आयुष्यभर अहिराणीत 'शे' आणि 'व्हता' म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडात साम्राज्यशाही आली कुठून, हे मला आधी कळायला हवं होतं. तात्या आधीच येऊन पुस्तिका वाचून गेलेत. म्हातारा मला आठवण सांगत नव्हता, शालीची परतफेड करत होता. साक्षीदाराला पढवायचा आणि वर मला म्हणायचं कागद आणा!

पुन्हा टेप लावला. गोटीरामचं नावच काढलं नाही. विचारलं, बाबा, तुम्ही तिकडे रोज काम काय करायचे?

"खेचरं हाकाले! आम्ही खेचरवाला. रेशन, दारूगोळा, समदं खेचरवर." आणि मग म्हातारा खुलला. त्याचं स्वतःचं खेचर लाथाडं होतं, साहेबालाच लाथ घातली, तो चिखलात कसा आपटला, हे सांगताना हसून हसून खोकला आला. बंदुका? त्या दुसऱ्यांकडे. नेताजींची फौज? "आम्ही नाव ऐकं व्हतं. भेट नई." मग आपणहून नदीवर आला. पावसात नदी फुगली. खेचरं उतरवताना सावळीराम दोन दगडांत अडकला, पाय मोडला. "गोटीराम गया, त्याले काढी लयना. मंग खेचर बुडाले लागनं, पुन्हा गया. तो नई उना, बहीण. आम्ही तीन दिन दखं." तीन दिवस वाट पाहिली, गोटीराम परत आलाच नाही.

मी विचारलं, मग मघाशी फितूर का म्हणालात? म्हातारा शाल चाचपत राहिला. "तात्या मोठा माणूस शे. त्यांनी लिखेल शे ना."

परतीच्या एसटीत सगळी वाट रडत आले. शेजारच्या बाईनं विचारलं, माहेराहून येताय का?

९ जानेवारी २०००

आज मावशीकडे गेले, सगळं सांगितलं. तिला आनंद व्हावा की नाही? तर म्हणते, "आन विमान?"

कसलं विमान?

"माज्या बापानं जपानी विमान पाडलं. माजी आय सांगायची. ते बी लिवा."

मी म्हटलं, मावशी, ते खेचरं हाकत होते. त्यांच्याकडे बंदूकच नव्हती. विमान कशानं पाडतील?

मावशीचा चेहरा असा झाला की जणू फितूर तात्यांनी नाही, मीच म्हटलं. "खंडूनं बापाचं नाव घालवलं, तुमी विमान घ्या," म्हणाली आणि उठून आत गेली. चहाही दिला नाही. एका घरातला मोठेपणा खोटा ठरवायचा आणि दुसऱ्या घरातला तसाच चालू द्यायचा, हे मला जमणार नाही. पण घरी येताना वाटलं, हे ठरवणारी मी कोण? हिच्याकडे बापाचं एवढंच होतं.

११ फेब्रुवारी

रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर. अतिशय सभ्य. त्या खेचर तुकडीचे त्या महिन्यांचे कागद उपलब्ध नाहीत. विलायतेहून अजून काही नाही. कप्पाळ! माझ्याकडे काय आहे? एक म्हातारा, ज्यानं एकाच दुपारी दोन गोष्टी सांगितल्या. तात्या त्याच्या साक्षीचे दोन तुकडे करतील. तिकडे कमानीचे खांब उभे राहिले आहेत, शाळेला जाताना दिसतात.

जीवन म्हणाला, "बाईसाहेब, हरल्यासारखं तोंड करू नका, भाजी खारट होते." भाजी खारट झालीच होती.

२० मार्च, धुळवड

नाशकात जन्म काढला, पण धुळवडीला वीर बघायला गंगेवर, म्हणजे आमच्या गावच्या नदीवर, मी लहानपणानंतर गेले नव्हते. गर्दी, ढोल, धक्काबुक्की, मला नकोच वाटतं. आज जीवननं ओढून नेलं.

घराघरांतले वीर निघाले होते. लढाईत गेलेला, अवचित गेलेला घरातला पूर्वज. त्याचा चांदीचा टाक, कोरलेली छोटी प्रतिमा, देवघरातून काढायचा, लाल फडक्यात खोबऱ्याच्या वाटीत ठेवायचा, वाजत नाचत आणून गंगेत न्हाऊ घालायचा. मोगरेवाडीचा जथा दिसला. पुढे मावशी. हातात वाटी, वाटीत टाक, कपाळी मळवट भरलेला, अशी काही तालात नाचत होती की ही माझी रुसलेली फुलवाली हे पटेना. माझ्याकडे पाहिलंही नाही तिनं.

पाण्याच्या कडेला येऊन ती थांबली. ढोल थांबले. सगळे कुणाची तरी वाट बघत होते. आणि गर्दीतून अनवाणी, डोक्याला फेटा, हातात तांब्या घेऊन आले कोण? तात्या! गुडघाभर पाण्यात उतरले, तांब्या भरला, मावशीच्या हातातल्या टाकावर पहिलं पाणी घातलं, नारळ वाढवला आणि वाकून डोकं टेकलं. मग बाकीच्यांनी पाणी घातलं.

मी शेजारच्या बाईला विचारलं, हा वीर कुणाचा?

"गोटीरामबाबांचा," ती म्हणाली. मला माहीत नाही याचंच तिला नवल वाटलं.

मी पुढे धावणार होते. भर गंगेवर तात्यांची गचांडीच धरली असती! जीवननं दंड धरला. "आज नाही. आज त्यांचा सण आहे." त्याचं बरोबर होतं, म्हणून जास्तच राग आला.

२२ मार्च

मावशीकडे गेले. रुसवा दोन्हीकडचा संपलाय असं गृहीत धरूनच बसले. हे तुम्ही मला आधी का सांगितलं नाही?

"काय?"

की तात्या तुमच्या वडलांच्या टाकावर पहिलं पाणी घालतात!

"मानच हाय त्यांच्या घराचा." ती शेवंती ओवत राहिली. "सावळीरामकाका लढाईवरनं आला तवा आईपुढं बसून लय रडला. पहिली धुळवड आली तसं म्हनला, वैनी, टाक घडव, पहिलं पानी माज्या घरचं. मरस्तवर घातलं त्यानं, लंगडत लंगडत. मंग खंडू. लहानपनी तर खंडूलाच वीर सजवायचे, माज्या बापाचा टाक हातात धरून नाचायचा त्यो. म्या पोरीची जात, मला नाय द्यायचे. लय जळायचे मी त्याच्यावर. आई गेल्यावर टाक माज्याकडं आला."

मी डोक्यावर हात मारून घेतला. मावशी, हाच तर पुरावा! ज्यानं पकडून दिलं त्याच्या टाकाला कुणी पाणी घालेल का?

"ह्ये पुस्तकातलं हाय व्हय?" ती खरोखर चकित झाली. "ह्ये तर देवाचं हाय. तुमी कागूद हुडकत व्हता, म्या म्हनलं बाईला कागूदच लागतो."

दोघीही सारख्याच मूर्ख. मी रेकॉर्ड ऑफिस, विलायत सगळीकडे शोधत बसले आणि टाक गंगेवर दरवर्षी सगळ्या नाशकासमोर नाचतोय. आणि तात्या? लिहितात फितूर आणि मान मात्र चुकवत नाहीत. लेखणी खोटं बोलायला धजली, हात धजला नाही. मला त्यांची भीती वाटेनाशी झाली. एका अर्थी ते मला आवडायलाच लागले, मेलं.

२ एप्रिल

कमान समितीची बैठक. पारावर सगळी वाडी. मी उभी राहिले. आवाज वर्गातला निघाला.

"तात्या, एकच विचारते. गोटीरामनं तुमच्या काकांना पकडून दिलं ना? मग काकांनी जन्मभर त्याच्या टाकाला पहिलं पाणी का घातलं? आणि तुम्ही परवा का घातलंत?"

तात्या सावरले. "मॅडम, ती रीत आहे. रीत वेगळी, इतिहास वेगळा. कागद दाखवा."

"कागद माझ्याकडे नाही. तुमच्याकडेही नाही. पण सटाण्याचा भिकन कधी या वाडीत आला नाही, त्याला इथली रीत ठाऊक नाही. वाडीनं, तुम्ही सोडून, कधी भिकनला पाहिलं नाही. तो सांगतो, गोटीरामनं सावळीरामला नदीतून काढलं आणि स्वतः राहिला; आणि वाडीची रीत सांगते, काकांच्या घरावर गोटीरामचं ऋण आहे. एकमेकांना न विचारता जमणारं खोटं मला तरी माहीत नाही."

निवृत्तीबाबा, वाडीतले सगळ्यांत थोरले, काठी आपटून म्हणाले, "खंडू, रीत कुनी पाडली? तुज्या चुलत्यानंच ना? माज्या डोळ्यांदेखत पाडली."

तरी तात्या हटेनात. काकांच्या बलिदानाचा अपमान, वगैरे सुरू झालं. तेव्हा मावशी उठली. बायका पारावर बोलत नाहीत, पण ती बोलली.

"माज्या बापानं विमान पाडलं नाय," ती म्हणाली. "आईनं मला रडू नको म्हनून सांगितलं आसंल. म्या गावभर सांगत फिरले. बाईनं मला खरं सांगितलं तवा तिला चहा पन दिला नाय. तर विमान म्या आज परत घेते. मोठं व्हायला मला विमान नको. खंडू, आता तुजं काय हाय ते तू बोल."

तात्या खाली बसले. मग म्हणाले ते मला जसंच्या तसं लिहून ठेवायचंय:

"काका रोज तेच सांगायचे हो. खेचरांना चारा घातला, खेचरांची खोगिरं बांधली. मी शाळेत सांगितलं तर पोरं मला खेचर म्हणायला लागली. कारगिल झालं, टीव्हीवर सगळं बघितलं, आणि वाटलं, आपल्या काकाचं काय? खेचरांवर कुणी कमान बांधतं का? काकाला मोठं करायचं तर लंगड्या पायाचं काहीतरी कारण लागत होतं. गोटीरामकाका परत आलाच नव्हता. तो काय बोलणार होता?"

आणि तात्या रडले, साठीचा माणूस, सगळ्यांसमोर. मला वाटलं होतं जिंकल्यावर मी काहीतरी जोरकस बोलेन. मी फक्त म्हटलं, "बांधतात, तात्या. खेचरांवरसुद्धा कमान बांधतात. तुम्ही बांधा."

मावशी म्हणाली, "रडू नको. फुकट मानूस." पण तिनंच त्याला पाणी दिलं.

१८ एप्रिल

विलायतेचं उत्तर आलं!! स्टाफरूममध्ये एवढ्यानं ओरडले की हेडमास्तर धावत आले. गोटीराम, मोगरेवाडी, तालुका नाशिक, खेचर तुकडी. कर्तव्यावर असताना मृत्यू, जून १९४४. थडगं नाही, पण परदेशातल्या स्मारकाच्या भिंतीवर नाव कोरलेलं आहे. आम्ही इथे कमानीवर घ्यायचं की नाही यावर भांडत होतो आणि त्याचं नाव केव्हाचंच दगडात होतं.

जून! आणि तात्यांच्या पुस्तिकेत फितुरी ऑगस्टमधली. मेलेला माणूस दोन महिन्यांनी खबर द्यायला उठला होता की काय!

पत्र घेऊन तशीच वाडीत गेले. आधी तात्यांकडे. त्यांनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "मॅडम, हे आधी आलं असतं तर माझी अब्रू पारावर गेली नसती." मी म्हटलं, आधी आलं असतं तर तुम्ही नाव दुसऱ्याचं म्हणाला असता. "म्हणालोच असतो," तात्या म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो. पुस्तिका त्यांनीच नव्यानं लिहायला घेतलीय. पहिल्या पानावर खेचरं. भाषा अजून फार अलंकारिक आहे, पण प्रत्येक वाक्याखाली कुणी सांगितलं ते लिहितात. नववीपेक्षा बरं.

१ मे २०००

आज कमान उघडली. वर लिहिलंय: 'ब्रह्मदेशाच्या लढाईत खेचरांवरून रसद नेणारे मोगरेवाडीचे जवान.' खाली नावं. पहिलं गोटीराम, दुसरं सावळीराम. नारळ फुटला, सनई वाजली, भाषणं झाली, माझंही झालं. जीवननं पुढच्या रांगेत बसून एवढ्या टाळ्या वाजवल्या की मला ओशाळवाणं झालं. पुस्तिकेत माझी प्रस्तावना आहे, आणि ती छान आहे. कुणी म्हणायच्या आधी मीच म्हणते.

जेवणं झाली, मंडप रिकामा झाला. मी निघाले तर मावशी कमानीखाली भर रस्त्यात उभी. नवं लुगडं, डोक्यावर पदर. वाडीत शिरणाऱ्या प्रत्येकाला अडवत होती. सायकलवाला आला, "थांब. वर बघ. माजा बा." टेम्पोवाला आला, "उतर. वर वाच." टेम्पोवाल्याला वाचता येत नव्हतं, तर त्याला मी वाचून दाखवलं. ती बाजूला झाली, तर तो टेम्पो पलीकडे घेऊन तिथेच बघत थांबला. मागे गाड्यांची रांग लागली, कुणी हॉर्न वाजवला नाही.

मग तात्यांची जीप आली. पाहुण्यांना सोडून परतत होते. मावशी जीपपुढे उभी राहिली.

"खंडू, उतर."

"अगं नवसे, मीच बांधलीय ती!"

"उतर म्हनते ना. वाच. मोठ्यांदा."

तात्या उतरले. चपला काढल्या. मान वर करून, भाषणाचा खडा आवाज लावून त्यांनी वाचलं. आमच्या मागे टेम्पोवाल्याचं इंजिन धडधडत होतं. मावशीनं कानामागे हात नेला.

"नाय आलं ऐकू," ती म्हणाली. "परत."

टेम्पोवाल्यानं इंजिन बंद केलं. तात्यांनी घसा खाकरला आणि गोटीरामपासून पुन्हा सुरू केलं.